ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ व त्याचा श्रोता

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाचा उल्लेख नेहमीं येतो, पण तो बहुधा मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांपुरता. आम्हीही अध्यापक असतां त्याच ओव्या मुलांस शिकविल्या आणि समग्र ग्रंथ वाचला तो सेवानिवृत्तीनंतर. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ मिळून ९५ अवस्वरू, ओव्या सुमारें अकरा हजार. एवढ्या ग्रंथाची परीक्षा दोनचार ओव्यांवर व्हावी हें शोचनीय होय. यांत हानि अशी झाली कीं, भाषेचा नमुना म्हणून ग्रंथाची वाहवा झाली, आणि तो कोणासाठीं रचिला हा प्रश्न मागें पडला. त्या प्रश्नावांचून पाठनिर्णय होत नाहीं, असें आमचें मत आहे.

ग्रंथाची हकीकत वाचकांस विदित आहेच. राशोल येथें १६१६ त तो रोमन लिपींत छापला. पुढें १६४९ व १६५४ त पुन्हा निघाला. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें हस्तलिखितांवरून रोमन आवृत्ति काढली. नंतर जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतली देवनागरी पोथी उजेडांत आणून तीच मूळ होय असें प्रतिपादिलें. आज मराठी वाचकाच्या हातीं बंडेलू यांची १९५६ ची आवृत्ति साल्ढाणांच्या पाठावरून, आणि द्रागो यांची १९९६ ची मार्सडेन पोथीवरून, अशा दोन्ही आहेत. दोहोंतला ठळक भेद शब्दांचा आहे. रोमन पाठांत जेथें चर्चमध्यें रूढ असलेले पोर्तुगीज शब्द येतात, तेथें मार्सडेन पोथींत पुष्कळदां संस्कृत शब्द योजिलेले आढळतात.

संस्कृतावर पोसलेल्या आमच्या कानास प्रथम मार्सडेन पाठच गोड लागला. रोमन पाठांतले परकी शब्द भातांतल्या खड्यांप्रमाणें दांताखालीं येत. ती छापखान्याची किंवा धर्माधिकाऱ्यांची भेसळ असावी, असें आम्हीं एका स्नेह्यास लिहूनही कळविलें होतें. तें मत आज आम्ही मागें घेतों.

कारण पहिल्याच अवस्वरूंत आहे. धर्मशिक्षण चालू असतां एक ब्राह्मण पाद्रीस म्हणतो कीं, ही शिकवण उत्तम खरी. परंतु पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वारलींत, तर त्यांच्या जागीं तसें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? या मागणीचा विचार करावा. पृच्छकास सिद्धांताविषयीं शंका नाहीं. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणही होतेंच. उणीव होती ती चारचौघांत बसून, एका सुरांत, आपल्या देवाची कथा ऐकण्याची. विश्वास एकट्यानें धरतां येतो. श्रवणास मात्र गांव लागतो. जुना गांव तुटला होता, नवा अद्याप जमला नव्हता. पुराण रचिलें तें या पोकळींत.

अशा सभेंत कोणते शब्द चालतील? गद्य प्रस्तावनेंत ग्रंथकारानेंच तें सांगितलें आहे: शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द सांडून ब्राह्मणांच्या भाषेंतले, म्हणजे कोंकणींतले, सोपे शब्द ठायीं ठायीं मिसळले. हें कबूल करणारा कवि बाप्तिस्म्याच्या वेळीं रोज कानीं पडणारा शब्द टाळून त्यास संस्कृत पर्याय शोधील, हें संभवत नाहीं. संस्कृत पाठ विद्वत्तेनें सरस असेल; पण त्यांतून चर्चचें दार दिसत नाहीं. ती पोथी निरुपयोगी आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्या एखाद्या वाचकवर्गासाठीं कोणी केलेलें तें रूपांतर असावें, आणि त्या दृष्टीनें त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाहीं. साष्टींतलीं देवळें १५६७ त पाडलीं गेलीं. कुंकळ्ळीस १५८३ त पांच जेझुइट मारले गेले. अशा भूमींत ‘मंडळी’ ही सक्तीनें हांकून आणलेली, मग तिच्या श्रद्धेची मातबरी काय? पहिल्या पिढीपुरता आम्ही हा आक्षेप मान्य करतों. सक्तीला सक्तीच म्हटलें पाहिजे. पण पुढच्या पिढ्यांची गोष्ट निराळी. १६८४ त पोर्तुगीज सरकारानें देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. १६५४ नंतर गोव्यांत हें पुराण छापलें गेलें नाहीं. तरी गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांत तें हातानें नकलून ठेविलें गेलें, म्हणूनच १९०७ त साल्ढाणांस प्रती मिळाल्या. अडीचशें वर्षें हजारों ओव्या हातानें उतरविण्याची सक्ति कोणी केली नव्हती. आमच्याकडे वारकऱ्यांच्या घरीं ज्ञानेश्वरीच्या प्रती जशा राहिल्या तशाच या राहिल्या, आणि श्रद्धेचा याहून बळकट पुरावा आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

संग्राहकांस एक विनंति आहे. या पुराणाची जुनी प्रत हातीं आल्यास पाठभेद उतरून घेऊनच थांबूं नये. समासांतील खुणा, सणवारांचीं नांवें, मेणाचे डाग, वारंवार उलटून विरलेलीं पानें, हेंही पानवार नोंदवावें. कोणता अवस्वरू कोणत्या सणास वाचला जाई, हें त्यावरूनच ठरेल.