गोचीडजन्य जिवाणूंची जनुकीय विविधता : अभ्यासपद्धतीची चिकित्सा (हिरकणीवाडीच्या संदर्भात)

प्रास्ताविक :
महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी असलेली हिरकणीवाडी दूध विकणाऱ्या गवळणीच्या आख्यायिकेमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. जिचे नावच दुधाशी जोडलेले आहे, अशा वाडीच्या दृष्टीने गाईचा आजार हा जगण्याचा प्रश्न ठरतो. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांना पशुपालक सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतात. या एका नावाखाली बॅबेसिया व थायलेरिया हे आदिजीव आणि ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू असे भिन्न रोगकारक एकत्र येतात. यांपैकी ॲनाप्लाझ्माच्या जनुकीय विविधतेचा अभ्यास कोणत्या पद्धतीने होतो आणि त्यातून पशुपालकाच्या पदरी काय पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नामकरण आणि निदान :
सर आर्नोल्ड थायलर यांनी 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ॲनाप्लाझ्मा मार्जिनेलचे वर्णन केले. तांबड्या पेशीच्या कडेला तो ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. बॅबेसियाच्या बाधेत लघवी लाल होते. ॲनाप्लाझ्मात बाधित पेशी मुख्यतः प्लीहेत नष्ट होत असल्याने लघवी लाल होत नाही. रक्तक्षय व कावीळ दिसते. ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन, तर थायलेरियावर बुपार्व्हाक्वोन दिले जाते. नावातील संदिग्धता अशा प्रकारे थेट उपचारापर्यंत पोहोचते.

विविधतेचे तीन स्तर :
डम्लर व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या जिवाणूकुलाची पुनर्रचना केली. तिचा मुख्य आधार 16 एस आरआरएनए हे जनुक होते. कुल व प्रजाती ठरविण्यास ते उपयुक्त आहे. मात्र गाईतील ॲ. मार्जिनेल आणि शेळ्या-मेंढ्यांतील ॲ. ओव्हिस यांच्यात या जनुकाचा क्रम जवळजवळ सारखा असतो. गाय व शेळी एकाच आवारात बांधली जाते अशा ठिकाणी केवळ या जनुकावर विसंबल्यास निष्कर्ष डळमळीत होतो. तेथे एमएसपी-4 सारखे जनुक तपासणे इष्ट ठरते.

दुसरा स्तर प्रभेदांचा. एमएसपी-1ए या जनुकातील पुनरावृत्त खंडांची संख्या व क्रम प्रभेदागणिक बदलतात. प्रभेद बाहेरून आला की स्थानिक आहे, याचा माग त्यावरून काढता येतो.

तिसरा स्तर एकाच जनावराच्या शरीरातील आहे. 2005 मध्ये सेंट मेरीज प्रभेदाचा सुमारे 12 लक्ष बेसजोड्यांचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. एमएसपी-2 च्या अपूर्ण प्रतींतील भाग कार्यरत जनुकात येऊन बसतात आणि जिवाणूचे बाह्य प्रथिन सतत बदलत राहते, ही प्रक्रिया समजून घेण्यास त्यामुळे आधार मिळाला. परिणामी बरी झालेली गाय दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, वाहक राहते.

मीमांसा :
एकाच जनुकाचा तुटपुंजा भाग वाचून वंशवृक्ष काढणे व त्यालाच ‘विविधता’ म्हणणे, ही या क्षेत्रातील ठळक उणीव होय. वृक्षाची फांदी कोणत्या गोठ्यातून आली, जनावर तेथेच वाढले की बाजारातून आणले, वासरू होते की प्रौढ, ही माहिती नसेल तर ती फांदी अर्थहीन ठरते. वासरांत हा रोग बहुधा सौम्य असतो. प्रौढ वयात प्रथमच बाधा झालेली गाय दगावू शकते. त्यामुळे विकत घेतलेल्या गाईचा इतिहास हा जनुकक्रमाइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. शिवाय हा जिवाणू केवळ गोचिडांमुळे नव्हे, तर चावऱ्या माश्या व दूषित सुई यांमुळेही पसरतो. म्हणून केवळ गोचिडांचे नमुने घेणारा अभ्यास अपुरा ठरतो.

निष्कर्ष :
1) विविधता कोणत्या स्तरावरील आहे हे अभ्यासकाने प्रथम स्पष्ट करावे.
2) प्रजाती व प्रभेद यांसाठी स्वतंत्र जनुके तपासावीत.
3) प्रत्येक नमुन्यासोबत जनावराचे वय, मूळ ठिकाण व गोठ्याची स्थिती नोंदवावी.
4) निदानाचे निष्कर्ष पशुपालकाला मराठीत व रोगाच्या नेमक्या नावानिशी कळवावेत.

ज्या गाईचे रक्त तपासले, तिच्या मालकाला योग्य औषध कळले नाही, तर प्रयोगशाळेत सिद्ध झालेली विविधता हिरकणीवाडीसारख्या वाडीपुरती निष्फळच राहील.