‘क्यूडॉस’चे एकवचन

इंग्रजीत शाबासकी देताना ‘क्यूडॉस’ हा शब्द योजतात. शेवटचा ‘स’ पाहून तो अनेकवचनी असावा असे वाटणे साहजिक आहे. पण शब्द मूळचा ग्रीक आणि निखळ एकवचनी. 19 व्या शतकात इंग्लंडातील विद्यापीठांच्या बोलीतून तो इंग्रजीत रुळला. 20 व्या शतकात अमेरिकेत त्याचा शेवट गळाला आणि ‘कूडो’ हे नवे एकवचन जन्मले. शुद्धतेचे अभिमानी त्याला अजून नाक मुरडतात.

व्याकरणापुरते बोलायचे तर यात आक्रीत असे काही नाही. वाटाण्याचा ‘पीज’ हा एकवचनी शब्द असाच अनेकवचनी समजला गेला, आणि त्यातून ‘पी’ निघाला. त्याला आज कोणी अशुद्ध म्हणत नाही. माझी तक्रार अर्थाविषयी आहे.

होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द येतो तो रणांगणात वीरावर त्या घटकेला झळकणाऱ्या तेजासाठी. झ्यूस ते आज एकाला देतो, उद्या दुसऱ्याला. मागाहून कानोकानी पसरणाऱ्या कीर्तीला ग्रीकांत ‘क्लेऑस’ हा निराळा शब्द आहे. आपल्या वेदांतील ‘श्रवस्’ त्याचाच भाऊबंद. आता सांगा, तेज कधी एक, दोन, तीन असे मोजतात काय? ‘कूडो’ म्हटले की त्या तेजाचे नाणे होते, आणि नाणे म्हटले की ते उधळता येते.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? ‘शाबास’ हा फारसी ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा, असा आशीर्वाद. ‘कौतुक’ म्हणजे संस्कृतात कुतूहल, नवल. ज्याला नवल वाटले त्यानेच कौतुक करावे! पण आमची परीक्षणे उघडा: प्रत्येक कादंबरी ‘अप्रतिम’, प्रत्येक कवी ‘अद्वितीय’. मास्तराने सर्वच वह्यांवर ‘उत्तम’ लिहिले, तर ज्याने रात्र जागून निबंध लिहिला तोच मुलगा आधी हिरमुसतो. लेखकाचेही तसेच होते. सरसकट स्तुतीत त्याचे पुस्तक कोणी वाचल्याची खूणच नसते.

यंदा फराळाचे ताट पुढे आले की ‘सगळे छान’ म्हणून मोकळे होऊ नका. चकलीचा काटा सुरेख उठला असेल, तर तेवढेच सांगा. करणारीला कळेल की तुम्ही खरोखर चकली खाल्लीत.