मराठी ख्रिस्ती उपासनागीत : छंद, चाल आणि आनंद

मराठी ख्रिस्ती कवितेचे विवेचन बहुधा तिच्या आशयापाशी थांबते. तीत भक्तिपरंपरेचे किती उतरले आणि बायबलचे किती, याची वाटणी केली की समीक्षकाचे काम संपते. परंतु उपासनागीत हे प्रथमतः वाचावयाचे नसून अनेकांनी मिळून म्हणावयाचे असते. त्याचा आनंद शब्दार्थात जितका, तितकाच शब्द आणि चाल यांच्या जुळण्यात असतो. ही जुळणी कोठे साधली आणि कोठे साधली नाही, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे.

वाशिमसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो. तेथे प्रथम मेथॉडिस्ट मिशनने काम केले. पुढे 1930 नंतरच्या दशकात ते चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकन मंडळीकडे आले, आणि 1938 साली तिचे रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय तेथे सुरू झाले. दोन्ही मंडळ्या वेस्लीबंधूंचा वारसा सांगणाऱ्या. आणि त्या वारशात गाणे हे उपासनेचे अलंकरण नसून तिचा गाभा आहे. चार्ल्स वेस्ली याने सहा हजारांहून अधिक गीते रचली, यावरून त्याचे महत्त्व कळावे. ही गानपरंपरा ज्या भूमीत आली ती मुकी नव्हती. कारंजा येथे नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी दत्तभक्तीच्या आरत्या-पदांचा घोष होता, पोहरादेवीस बंजारा समाजाची गाणी होती, आणि सबंध वऱ्हाडात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने भजनाला नवे तेज दिले होते. अशा कानांना इंग्रजी चालीचे मराठी गीत कसे लागले असेल?

याचे उत्तर छंदःशास्त्राच्या साह्याने थोडे तरी देता येते. इंग्रजी गीताचा एक अत्यंत रूढ साचा म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या चार ओळींचा. त्यात अनाघात आणि साघात अक्षरे एकाआड एक येतात, आणि ओळीचा आरंभ बहुधा अनाघात अक्षराने होतो. चालीचा ठोका दुसऱ्या अक्षरावर पडतो. मराठीत आघात क्षीण असला तरी शब्दाचे वजन पुष्कळदा पहिल्याच अक्षरावर कलते. 'देवाच्या' हा शब्द अशा ओळीच्या आरंभी घातला की 'दे' ठोक्याआधीच निसटतो आणि 'वा' वर जोर येतो. म्हणून अनुवादकाला 'प्रभू', 'दया', 'तुझा', 'मला' यांसारख्या, लघू अक्षराने आरंभ होणाऱ्या शब्दांचा आश्रय घ्यावा लागतो. शब्दांची निवड अर्थ करीत नाही, चाल करते. अनेक अनुवादित गीतांत जो एक प्रकारचा कृत्रिमपणा जाणवतो, त्याचे मूळ अनुवादकाच्या अल्पप्रतिभेत शोधण्यापेक्षा येथे शोधणे अधिक न्याय्य होईल.

अभंगाची गोष्ट निराळी आहे. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग करून अभंग-ओवीला छंदात घातले, कारण तेथे लघुगुरूंचा भेद गौण होतो आणि अक्षरसंख्याच प्रमाण ठरते. सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांच्या मोठ्या अभंगात कोणताही मराठी शब्द जवळजवळ कोठेही बसतो. चौथा चरण आखूड असल्याने टाळकऱ्यांना श्वास घेण्यास अवकाश मिळतो, आणि ध्रुपदाकडे वळताना सबंध समुदाय एकत्र येतो. ही रचना बोलण्याच्या जवळची आहे. म्हणून तीत उल्हास आणावा लागत नाही, तो येतो.

हे मराठी ख्रिस्ती लेखकांना फार पूर्वी उमगले होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने आपल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी निवडली. 1616 साली रायतूर येथे छापलेला हा ग्रंथ रोमन लिपीत असला तरी त्याचा कान पूर्णतः मराठी आहे, आणि तो समुदायापुढे म्हटला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) परिसरात कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचे रूप ख्रिस्तकथेसाठी वापरले. परंतु अभंगाला ख्रिस्ती उपासनेत खरी प्रतिष्ठा मिळाली ती नारायण वामन टिळकांमुळे.

टिळकांना (1861–1919) नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि 1895 साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. हे केवळ भावनेचे विधान नाही. 'अभंगांजली'तला ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, सखा आहे. त्याच्याशी कवी भांडतो, रुसतो, हट्ट धरतो. तुकोबांच्या अभंगातला हा सलगीचा सूर अभंगाचा छंद सोडला तर तितक्या सहजतेने आला नसता. टिळकांचा आनंद हा उत्सवाचा नसून जवळिकीचा आहे. जेथे ते संस्कृत समासांच्या मोहात पडतात तेथे मात्र हा सूर हरवतो, आणि अभंग अभंगासारखा दिसून स्तोत्रासारखा वाजतो. त्यांच्या उत्कृष्ट रचना साध्यात साध्या आहेत, हे कोणत्याही सहृदय वाचकास पटण्यासारखे आहे.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की प्रश्न सुटला : देशी चाल खरी, परकी चाल खोटी. जॅक विन्स्लो यांच्यासारख्या टिळकभक्तांचा कल साधारणतः याच दिशेचा होता, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक घोषणापत्रात मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान द्यावे असे सांगून त्यास जणू मान्यताच दिली. तथापि हा निष्कर्ष घाईचा होय.

अहमदनगर भागातील प्रॉटेस्टंट मंडळींत महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. मांग हे गावाचे वाजंत्री. हलगी त्यांची, पण ती वाजवायची ती दुसऱ्यांच्या सणाला आणि देवळाबाहेर राहून. अशा माणसाला 'तुझे संगीत उपासनेत आण' असे सांगणे म्हणजे त्याला त्याचा जुना अपमानही आणावयास सांगणे नव्हे काय? याउलट, सर्वांनी एकाच वेळी, एकाच ओळीत उभे राहून म्हणावयाचे इंग्रजी चालीचे गीत त्याला कोणाच्याही मागे उभे करीत नाही. तेथे कीर्तनकार नाही आणि श्रोता नाही. शब्द अडखळत असतील, 'दे' निसटत असेल. पण उभे राहण्याचा आनंद निःसंशय खरा होता. परक्या चालीवरील प्रेमास केवळ अनुकरण म्हणणारा समीक्षक हा आनंद पाहावयास चुकतो.

तरीही अभंग हा वरच्या जातींचाच वारसा असे मानणेही तितकेच चूक. चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणाराजा वाशिमला लागूनच असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. देवळाच्या बाहेरून म्हटलेला अभंग चोखोबांनी आतल्यांच्या अभंगाइतकाच मराठीला दिला. त्यांच्या अभंगात आनंद आणि तक्रार एकाच ध्रुपदावर वळतात. टिळकांनी सेतू म्हणून तुकोबांना निवडले; जन्माने चित्पावन असलेल्या कवीला तो सेतू पुरेसा होता. चोखोबांच्या बाजूने येणारा मराठी ख्रिस्ती अभंग मात्र त्या मानाने विरळ आहे. गायकाची वेदना आणि त्याचा हर्ष यांची फारकत न करणारी ही रचना अनुवादित गीताच्या समतेला आणि टिळकांच्या जवळिकीला एकत्र आणू शकली असती, कारण तिचा छंद मराठी आहे आणि तिचा गाणारा कोणाच्याही सणाचा वाजंत्री नाही.