पाटीवर नसलेली ओळ

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणात किंवा साताऱ्याकडे गावी जाणाऱ्यांपैकी काहींनी अशी पाटी पाहिली असेल. मजकूर दोनच वाक्यांचा: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. नाव एकाचंही नाही. शौर्याचा गजर नाही, विशेषण नाही.

या कोरडेपणातच पाटीची ताकद आहे. दोन आकड्यांची वजाबाकी तिने वाचणाऱ्यावर सोडली आहे. पण खरा ऐवज आहे तो सालांत. १९१४ ते १९१९ हा सरकारच्या लेखी मोहिमेचा काळ. शेताच्या लेखी ते पाच पावसाळे. कोकणात त्या प्रत्येक पावसाळ्याआधी कुणीतरी राब भाजला, भाताचा तरवा पेरला, मग चिखलात वाकून लावणी केली. घरचा एक गडी मेसोपोटेमियात, दुसरा लष्कराच्या मागणीने धडधडणाऱ्या मुंबईच्या गिरणीत, मागे बाई. नांगर धरायला तिला रूढीची आडकाठी. म्हणून शेजाऱ्याचं जोत मागायचं आणि त्याच्या लावणीला राबून ते फेडायचं. १९१८ साली पावसाने दगा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएंझा गावोगाव पोचला, आणि त्यात तरुण बाया मोठ्या संख्येने गेल्या. पाटीला ठाऊक आहे ते फक्त रणावरचं मरण.

ब्रिटनने १९१७मध्ये शेतकामासाठी बायांची ‘विमेन्स लँड आर्मी’ उभारली, १९३९मध्ये पुन्हा. तिला गणवेश होता, नावनोंदणी होती. त्या बायांचं शिल्प डेनिस डटन यांनी घडवलं आणि २०१४मध्ये ते स्टॅफर्डशायरमध्ये उभं राहिलं. आपल्या बायांना कुणी भरतीच केलं नाही. शेत त्यांचं रोजचंच, म्हणून ते युद्धकार्य ठरलं नाही. पुढे मुंबईत हुतात्मा चौकात कामगारासोबत मशाल धरून उभा राहिलेला शेतकरीही पुरुषच आहे.

पाटी खोटं बोलत नाही; हजेरीपटावर होतं तेवढंच सांगते. तिच्याखाली आणखी एक ओळ कोरायची झाली, तर आकडा कुठून आणणार? तिथे कामंच लिहावी लागतील: राबभाजणी, पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, पाच वर्षं.