स्मरणरंजनापलीकडचे दुःख

गाव हरवल्याची वेदना मांडणाऱ्या साहित्यकृतीची नोंद आपली समीक्षा बहुधा ‘स्मरणरंजन’ या सदराखाली करते. या संज्ञेत रंजन गृहीत आहे. शिवाय स्मरण करणारा गावापासून दूर गेला आहे, हेही गृहीत आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफरने घडविला, तोही मायदेश सोडून गेलेल्यांच्या व्याधीसाठीच. परंतु माणूस जागीच राहिला आणि भोवतालची भूमीच ओळखीची उरली नाही, तर त्या दुःखाला काय म्हणावे?

ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक ग्लेन आल्ब्रेक्ट यांनी २००३ मध्ये त्यासाठी ‘सोलास्टाल्जिया’ ही संज्ञा सुचविली. न्यू साउथ वेल्समधील अप्पर हंटर खोऱ्यात खुल्या कोळसाखाणी पसरत गेल्या, तेव्हा तेथील रहिवाशांच्या अनुभवातून ती आकाराला आली. दिलासा देणारे घरच वेदनेचे कारण होणे, हा तिचा गाभा. मराठीत तिला ‘स्थलशोक’ म्हणता येईल.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीतील धरणग्रस्तांचे दुःख याहून भिन्न आहे. विस्थापनाची नोंद सरकारदप्तरी होते. मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा दावा, तो कितीही फसवा ठरो, निदान मांडता तरी येतो. स्थलशोकाला असे दप्तर नसते.

तरीही ही संज्ञा जशीच्या तशी स्वीकारणे धोक्याचे आहे, असे पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ (१९७७) ही कोकणी कादंबरी वाचताना जाणवते. गोव्यातील एका शेतकरी गावात खाण येते आणि शेते, कुटुंबे, नीतिकल्पना सारेच ढासळू लागते. मात्र या गावातील माणसे केवळ बळी नाहीत. ती शेत सोडून खाणीवर जातात. मजुरी आणि शोक या दोहोंचा उगम एकाच खड्ड्यात आहे. ‘स्थलशोक’ ही संज्ञा शोक करणाऱ्याला निरपराध मानू लागली, तर स्मरणरंजनाचाच दोष तिच्यात नव्याने शिरेल: पूर्वीचे गाव निर्मळ होते, हा भ्रम.

म्हणून या संज्ञेची कसोटी भावनेच्या उत्कटतेवर ठरू नये. जमीन कोणाची होती, ती कोणी खणली आणि त्या खणण्यावर कोणाची चूल पेटली, हे प्रश्न संहितेला विचारूनच ती वापरावी. एरवी समीक्षेला एक नवा शब्द तेवढा मिळेल.