आपल्याच माणसांविरुद्धची साक्ष

परमवीर चक्र मिळालेल्यांची यादी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत कधीतरी पाठ केली असेल. त्या यादीत मेजर रामस्वामी परमेश्वरन हे नाव आहे. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून घेतली, त्याला मारलं आणि मगच ते कोसळले. 'शांतिसेने'च्या त्या मोहिमेत भारताचे सुमारे बाराशे जवान गेले. त्या युद्धाबद्दल आपल्याला जे माहीत असतं ते बहुतेक एवढंच.

त्याच मोहिमेत, पाच आठवडे आधी, २१ ऑक्टोबरला भारतीय सैन्य जाफन्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये शिरलं. तमिळ घरांमध्ये त्या दिवशी दीपावली होती. पेशंट, नर्सेस, डॉक्टर, इतर कर्मचारी मिळून सुमारे साठ ते सत्तर माणसं मारली गेली. एलटीटीईचे लोक तिथून गोळीबार करत होते आणि बाकीचे चकमकीत सापडले, असं भारतीय बाजूचं म्हणणं. हात वर करून पुढे आलेल्यांनाही गोळ्या घातल्या, असं वाचलेल्या कर्मचाऱ्यांचं सांगणं. जाफन्यात हा दिवस आजही पाळला जातो. आपल्या घरात त्याचा उल्लेख तुम्ही कधी ऐकलाय का?

व्ही. व्ही. गणेशानंथन यांची 'ब्रदरलेस नाइट' ही कादंबरी (२०२३) वाचायची ती या प्रश्नासकट. लेखिका अमेरिकन, मूळ श्रीलंकन तमिळ. २०२४ साली या पुस्तकाला विमेन्स प्राइझ मिळालं, त्यामुळे नाव तुमच्या कानावर आलं असेल. बऱ्याच परीक्षणांनी तिला 'युद्धात सापडलेल्या एका मुलीची गोष्ट' म्हणून गौरवलंय. ती तशी आहेच. पण 'सापडलेली' या शब्दानं पुस्तकाचं अर्धं मोल झाकलं जातं. ही सापडलेली मुलगी पुढे काय करते, तर लिहून ठेवते. आणि परक्यांनी केलेलं लिहिण्यापेक्षा आपल्यांनी केलेलं लिहिताना तिचा हात जास्त कापतो.

गोष्ट १९८१ साली जाफन्यात सुरू होते. शशिकला, म्हणजे शशी, सोळा वर्षांची आहे. चार भाऊ, शेजारी के. नावाचा हुशार मुलगा आणि डॉक्टर व्हायचं स्वप्न. अभ्यासाचं वेड असलेलं हे मध्यमवर्गीय घर तुम्हाला आपलंच वाटेल. परीक्षा, मार्क, मेडिकलची सीट, सगळं ओळखीचं. त्याच वर्षी जाफन्याची सार्वजनिक लायब्ररी जाळली जाते, सुमारे सत्त्याण्णव हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं राख होतात. ज्या समाजानं सगळी भिस्त शिक्षणावर ठेवली होती त्याच्या दृष्टीनं हे काय असेल, याची कल्पना करायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत.

मग १९८३चा जुलै. जाफन्यात एलटीटीईनं दबा धरून १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरं जळायला लागली. जमावाच्या हातात मतदार याद्या होत्या. मराठीत आपण याला सवयीनं 'दंगल' म्हणतो. दंगल म्हटलं की दोन्हीकडून दगड आले असं चित्र उभं राहतं. मतदार यादी हातात घेऊन घर शोधत येणाऱ्यांना तो शब्द लावायचा का? दिल्लीत १९८४ साली अशाच याद्या फिरल्या होत्या, आणि त्यालाही आपण दंगलच म्हणतो. तुमची पिढी दोन-तीन भाषांत वाढली आहे, तेव्हा नवा शब्द शोधायचं काम तुमच्याकडेच येणार असं दिसतंय.

शशीचा सगळ्यात मोठा भाऊ त्या जुलैमध्ये जातो. पुढचे दोघे आणि के. एलटीटीईत जातात. इथपर्यंतची घसरण पुस्तक इतक्या संयमानं दाखवतं की 'मुलं अतिरेकी का होतात' हा प्रश्नच हास्यास्पद वाटायला लागतो. ती 'होत' नाहीत, एकेका संध्याकाळी घरातून निघून जातात. आणि तुमचा भाऊ घरातून निघून गेला म्हणून तो तुमचा भाऊ असायचा थांबत नाही. 'टेररिस्ट' या शब्दाशी निवेदिका पहिल्याच पानापासून झगडते. ती २००९ सालच्या न्यूयॉर्कमधून मागे वळून बोलतेय, आणि तुम्हालाच उद्देशून बोलतेय: माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

या 'तुम्ही'बद्दल थोडं बोलायला हवं, कारण माझी पहिली तक्रार तिथेच आहे. काही ठिकाणी हे संबोधन अंगावर काटा आणतं. दुसऱ्या काही ठिकाणी मात्र, विशेषतः जिथे इतिहास समजावून सांगायचाय तिथे, ते वर्गात बोट दाखवून उभं केल्यासारखं वाटतं. त्यातला 'तुम्ही' बहुतेक वेळा काहीच माहीत नसलेला पाश्चात्त्य वाचक असतो. भारतीय वाचक त्या खुर्चीत नीट बसत नाही. आपण अनभिज्ञ आहोत, पण निरागस अनभिज्ञ नाही. आपल्या सैन्याचा त्या गोष्टीत वाटा आहे. कादंबरीनं आपल्याला वेगळं संबोधलेलं नाही. ते काम वाचताना आपणच करायचं.

पुस्तकाचा सगळ्यात ताकदीचा भाग उपोषणाचा आहे. सप्टेंबर १९८७मध्ये एलटीटीईच्या तिलीपननं नल्लूरच्या कंदस्वामी देवळाजवळ भारताकडे मागण्या करत उपोषण केलं. पाणीही घेतलं नाही. बाराव्या दिवशी, २६ सप्टेंबरला तो गेला. कादंबरीत ही जागा के.ची आहे, आणि मेडिकलची विद्यार्थिनी असलेली शशी त्याच्या शेजारी बसून आहे. तहानेनं शरीर टप्प्याटप्प्यानं कसं बंद पडत जातं हे तिला पुस्तकातून पाठ आहे. समोर बायका रडताहेत, भाषणं चाललीत, गाणी वाजताहेत. गांधींच्या देशाकडे गांधींच्याच हत्यारानं मागणं मागितलं जातंय, आणि मागणारी संघटना अशी की जिनं वर्षभरापूर्वीच, १९८६मध्ये, 'टेलो' या दुसऱ्या तमिळ संघटनेची पोरं जाफन्याच्या रस्त्यांवर मारली होती. के.चा त्याग खरा आहे. त्या त्यागाचा संघटना करत असलेला वापरही खरा आहे. लेखिका दोन्ही गोष्टी एकाच मांडवाखाली ठेवते आणि कुठलीही एक उचलून तुमच्या हातात देत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. शशीला शरीरशास्त्र शिकवणारी अंजली हे पात्र रजनी तिरणगामा यांच्यावरून घेतलंय. रजनी जाफना विद्यापीठात शरीरशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. सुरुवातीला त्यांनी एलटीटीईच्या जखमी पोरांवर उपचार केले, संघटनेला पाठिंबाही दिला. पुढे लिव्हरपूलला पीएचडीसाठी गेल्या. तिथे राहता आलं असतं. त्या १९८६ साली परत आल्या. १९८८मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'युनिव्हर्सिटी टीचर्स फॉर ह्यूमन राइट्स' हा गट उभा केला. काम सांगायला अगदी साधं होतं: गावोगाव जायचं, लोकांशी बोलायचं, कोणी कोणाला केव्हा मारलं, कुठल्या बाईवर कोणी अत्याचार केला हे ताडून बघायचं आणि लिहायचं. आरोपी श्रीलंकेचं सैन्य असो, भारताचं असो, एलटीटीई असो की इतर तमिळ गट, अहवालात सगळ्यांना एकच माप. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलवर घरी जाताना रजनींना गोळ्या घातल्या गेल्या. त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी याची जबाबदारी एलटीटीईवर ठेवली. 'द ब्रोकन पामायरा' हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेलं पुस्तक त्यांच्यामागे आलं, आणि गटाचे अहवाल पुढेही निघत राहिले.

कादंबरी या अहवालांकडून शिकली आहे, आणि मला वाटतं हेच तिचं खरं वैशिष्ट्य. संशोधन करणाऱ्या माणसांना अहवाल म्हणजे कोरडं वाङ्मय वाटतं (आम्ही लिहितो तेव्हा ते असतंही). पण शशी आणि अंजली भारतीय जवानांच्या अत्याचारांच्या हकिगती गोळा करतात तो भाग वाचा. तिथे बाईला बोलतं करायची घाई नाही. तिचं नाव लिहायचं की नाही, ओळख पटेल अशी कुठली खूण गाळायची, ती मध्येच थांबली तर पुढचं विचारायचं का, या सगळ्याचा विचार गद्यात उतरलाय. दुःख रंगवायची सोय असताना लेखिका रंगवत नाही. कोण, कुठे, काय पाहिलं, कोणाकडून ऐकलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतला फरक ती सांभाळते, आणि एखाद्या विशेषणापेक्षा हा फरक जास्त खोल जातो.

या पुस्तकाशेजारी अनुक अरुद्प्रगासम यांची 'द स्टोरी ऑफ अ ब्रीफ मॅरेज' (२०१६) ठेवून बघा. ती युद्धाच्या शेवटच्या काळातल्या छावणीत, जेमतेम एका दिवसाच्या अवधीत घडते. दिनेश हा तरुण जखमी मुलाला हातावर घेऊन येतो, तिथल्या तात्पुरत्या दवाखान्यात भूल न देता त्या मुलाचा हात कापावा लागणार आहे. नंतर त्याला लग्नाची मागणी येते, आणि बरंचसं पुस्तक त्याच्या खाण्या-झोपण्या-अंघोळीबद्दल आहे. विहिरीवरच्या अंघोळीचं वर्णन मी तरी विसरू शकत नाही. या पुस्तकात इतिहास जवळजवळ नाही. तोफगोळे येतात, पाऊस यावा तसे. आणि इथेच माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्याच्या डोक्यावर गोळा पडतो त्याला तो पावसासारखाच वाटणार, हे कबूल. पण तोफगोळा कोणीतरी डागलेला असतो. २०११ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता नोंदवली. सरकारनं स्वतःच जाहीर केलेल्या 'नो फायर झोन'वर तोफा डागल्याचं, हॉस्पिटलांवर मारा झाल्याचं लिहिलं. एलटीटीईनं लोकांना ढालीसारखं धरून ठेवल्याचं आणि पळून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडल्याचंही लिहिलं. अरुद्प्रगासमांच्या सुंदर वाक्यांमध्ये ही माणसं कर्त्याविना मारली जातात. गणेशानंथन यांची वाक्यं इतकी सुंदर नाहीत, पण त्यांत कर्ता सापडतो.

दुसरी तक्रारही सांगून टाकते. शशी फार शहाणी आहे. सगळ्यांच्या चुका तिला वेळेवर दिसतात, आणि संवादांतून कधी कधी लेखिकेचं संशोधन डोकावतं. शिवाय कादंबरीची नजर जाफन्याच्या सुशिक्षित तमिळ घरावर खिळलेली आहे. ऑक्टोबर १९९०मध्ये एलटीटीईनं उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं, जाफना शहरातल्यांना तर दोन तासांची मुदत दिली. सत्तर हजारांहून जास्त माणसं, तीही तमिळच बोलणारी. आपल्यांनी केलेलं लिहायचं म्हटलं तर हे प्रकरण पहिल्या रांगेत येतं, पण कथानकाच्या केंद्राजवळ ते नाही. १९८९ आणि २००९ यांच्यामधल्या उडीखाली ते राहून जातं.

तुम्ही टोरांटोत किंवा लंडनमध्ये असाल तर २००९च्या त्या उडीचं दुसरं टोक तुमच्या गावात आहे. १० मे २००९ला टोरांटोच्या गार्डिनर एक्सप्रेसवेवर हजारो तमिळ, पोराबाळांसकट, येऊन बसले. लंडनला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये आठवडेच्या आठवडे निदर्शनं चालली. वन्नीत अडकलेल्या नातेवाइकांसाठी आलेली ती माणसं होती, आणि बऱ्याच हातांत वाघाचा झेंडाही होता. परदेशातल्या तमिळ घरांकडून एलटीटीई धाकानं पैसे उकळते, यावर ह्यूमन राइट्स वॉचनं २००६मध्येच अहवाल काढला होता. त्या गर्दीत उभ्या असलेल्या एखाद्या मुलीनं तेव्हा मोठ्यानं म्हणायला हवं होतं का, की हा झेंडा धरलेल्यांनीच माझ्या माणसांना तिथे अडवून ठेवलंय? मावशी-मामा गोळ्यांखाली असताना? शशी असे प्रश्न सोडवत नाही, ती ते अंगावर घेऊन जगते.

आपल्यावर अशी वेळ आलेली नाही. परदेशात बसून मायदेशाच्या सैन्याबद्दल, सरकारबद्दल, 'आपल्या' बाजूबद्दल बोलताना आपल्याला फार तर व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकतील. जाफन्यात रजनींच्या घरी दोन लहान मुली त्यांची वाट बघत होत्या.

आधी कुठलं पुस्तक वाचू, असं विचाराल तर 'ब्रदरलेस नाइट'. 'ब्रीफ मॅरेज' नंतर, सलग एका बैठकीत. मध्ये 'नो मोर टीअर्स सिस्टर' ही हेलन क्लोडाव्स्कीची रजनींवरची डॉक्युमेंटरी (२००५) मिळाली तर बघा. आणि वर्गात किंवा ऑफिसात जाफन्याकडची एखादी मैत्रीण असेल, तर तिला एलटीटीईबद्दल विचारायच्या आधी आपल्या शांतिसेनेबद्दल विचारा.