घरगुती वाद आणि आमचे निबंधकार

आमच्याकडे निबंधकारांची थोरवी सांगावयाची म्हणजे त्यांच्या भाषेचें तेज, वाक्यांचा ओघ आणि मतांचें धैर्य यांचेंच वर्णन बहुधा करण्यांत येतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४ ते १८८१) व गोपाळ गणेश आगरकरांचे ‘सुधारका’तील निबंध (१८८८ पासून पुढें) यांचें परीक्षण या दृष्टीनें पुष्कळ झालें आहे. परंतु निबंध हा मुळांत एक वाद आहे. दुसऱ्याचें मत पालटावें म्हणून तो लिहिलेला असतो. तेव्हां त्याची कसोटी भाषेइतकीच युक्तिवादाचीही असली पाहिजे. शिवाय ज्या कुटुंबांत हे निबंध वाचले जातात, तेथें मुलाच्या शिक्षणावरून, सोसायटीच्या सभेवरून, फार काय सणाच्या खर्चावरूनही रोज वाद होत असतात. आमच्या निबंधकारांपासून या वादांना कांहीं शिस्त लागण्यासारखी आहे काय, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाहीं.

आमच्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य कळावें म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठीं होतो तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें मत खोडीत राहणें ती वितंडा. अनुमानाचीं पांच अंगेंही त्यानेंच सांगितलीं. या शास्त्राचें नेहमींचें उदाहरण डोंगरावरील धुराचें. कळव्याच्या रहिवाशाला त्यासाठीं लांब जावयास नको. पारसिकच्या डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर दिसतो, हा हेतु. जेथें धूर तेथें विस्तव, जसा स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तेथें विस्तव आहे, हें निगमन. नित्याच्या बोलण्यांत आपण प्रतिज्ञा व हेतु एवढेंच उच्चारतों आणि उरलेलीं अंगें गिळून टाकतों. चूक बहुधा त्या गिळलेल्या भागांत असते. श्रावणांत डोंगरावर दिसलें तें धूर नसून धुकें असेल, तर उदाहरण कितीही बिनतोड असलें तरी उपनय ढांसळतो.

या कसोटीवर चिपळूणकरांचें एक सुप्रसिद्ध लिखाण घासून पाहावें. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा (१८७३) ‘निबंधमाले’त समाचार घेतांना त्यांनीं ग्रंथकाराच्या भाषेची व व्याकरणाची यथेच्छ थट्टा केली. थट्टा वाचनीय आहे, यांत शंका नाहीं. पण लेखकाचें व्याकरण अशुद्ध, म्हणून त्याची तक्रारही खोटी, या निगमनाला जोडणारा दुवा कोठें आहे? ज्याचें व्याकरण शुद्ध नाहीं त्याच्यावर अन्याय झालेला नसतो, असें उदाहरण कोणी उघड मांडूं लागला तर ऐकणारे हंसतील. तें गिळलें गेलें म्हणूनच थट्टा युक्तिवादासारखी भासली. भाषेवर टीका करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती भाषेपुरतीच सिद्ध होते. घरांतही ‘बोलण्याची ही काय रीत?’ असें म्हणून धाकट्याचा मुद्दा जेव्हां उडविला जातो, तेव्हां याच पद्धतीचा वापर होत असतो.

आगरकरांची गोष्ट निराळी. ज्या वर्षीं ‘सुधारक’ निघाला त्याच वर्षीं त्यांचें ‘वाक्यमीमांसा व वाक्याचें पृथक्करण’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. वाक्याचे अवयव सुटे करून पाहण्याची ही संवय त्यांनीं रूढींनाही लावली. स्त्रियांनीं जाकिटें घालावींत कीं नाहीं, सोवळ्याचा अर्थ काय, असले माजघरांतले विषय त्यांनीं शास्त्रीय चर्चेच्या योग्यतेचे मानले, हा त्यांचा मोठा उपकार होय. ‘पूर्वापार चालत आलें आहे’ हा हेतु सांगणाऱ्याकडून ते गिळलेलें उदाहरण वदवून घेतात: जें जें जुनें तें तें हितकर, असें तुम्ही खरोखर मानतां काय? तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. प्रेतसंस्कारांवरील आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं शहाण्यांचा मूर्खपणा काढला. ज्याचें मन वळवावयाचें त्याला उंबऱ्यावरच मूर्ख ठरविलें, तर तो आंत येऊन बसेल कशाला? पुण्यांतील विरोधकांनीं त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढली, याचें समर्थन कोणीही करणार नाहीं. पण हेतु निर्दोष असणें आणि तो ऐकणाऱ्याच्या गळीं उतरणें, या दोन वेगळ्या सिद्धि आहेत, हें मात्र त्यावरून दिसतें.

आतां आपल्या दाराशीं घडलेला वाद घेऊं. ऑगस्ट २०२२ मध्यें मध्य रेल्वेनें साध्या लोकलच्या दहा फेऱ्यांच्या जागीं वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. कळव्याच्या कारशेडमधून निघणारी अशी गाडी प्रवाशांनीं रोखून धरली; बदलापुरासही असंतोष उसळला; आणि महिना संपण्यापूर्वीं त्या दहा फेऱ्या मागें घेण्यांत आल्या. गाड्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा कीं, वातानुकूलित गाडीचे प्रवासी वाढत आहेत, म्हणून लोकांना ती हवी आहे. पण त्याच वर्षींच्या मे महिन्यांत एकेरी तिकिटाचें भाडें निम्म्यानें उतरलें होतें. मासिक पासाचे दर मात्र उतरले नव्हते. तिकिटाचा प्रवासी वाढला यावरून रोज सकाळीं पासावर जाणाऱ्याची इच्छा सिद्ध होत नाहीं. येथें धूर खरा होता. पण तो दुसऱ्याच डोंगरावरचा.

प्रवाशांच्या बाजूसही दोन म्हणणीं एकांत एक मिसळलेलीं होतीं. ‘वातानुकूलित गाडी ही श्रीमंतांची चैन’ हें एक. तें सिद्ध होणें कठीण, कारण दमेकरी, गरोदर बाई, म्हातारा माणूस यांना तीच गाडी सोयीची असूं शकते. दुसरें म्हणणें असें: आमचा दुसऱ्या वर्गाचा पास या गाडींत चालत नाहीं, आमची नेहमींची फेरी हिनें घेतली, म्हणून आम्हांला पुढच्या, आधींच भरलेल्या गाडींत शिरावें लागतें. हें पांचही अंगांनीं पुरें आहे व वातानुकूलित गाडीचा कट्टा चाहताही तें नाकारूं शकत नाहीं. पहिलें मोठ्यानें ओरडतां येतें, दुसरें पटतें. फेऱ्या मागें घेतल्या गेल्या त्या कारण पटलें म्हणून कीं रूळ अडले म्हणून, हा प्रश्न मात्र उरतो. गाडी अडविणें हा हेतु नव्हे. त्यानें निर्णय फिरतो, मत फिरेलच असें नाहीं, आणि न फिरलेलें मत तोच निर्णय पुन्हा घेऊन येऊं शकतें.

यावरून घरगुती वादाला पुरेल एवढा नियम काढतां येतो. आपली प्रतिज्ञा सिद्ध करतां येईल एवढीच मांडावी. गिळलेलें उदाहरण आधीं आपल्याच तोंडानें उच्चारून पाहावें. लाज वाटली तर हेतु बदलावा. समोरच्याचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून मगच उत्तर द्यावें. आगरकरांचें पृथक्करण घ्यावें, त्यांचा मथळा घेऊं नये. चिपळूणकरांचा ओघ घ्यावा, त्यांची थट्टा घेऊं नये. ज्या घरांत धाकट्याचा हेतु थोरल्याच्या अधिकारापुढें टिकूं शकतो, त्या घरांत हे दोन्ही निबंधकार खऱ्या अर्थानें वाचले गेले असें आम्ही समजूं.